डाळीपुरतं पाणी

आई गेल्यावर मी पुण्यातलं बिऱ्हाड गुंडाळलं आणि भोकरदनला वडिलांजवळ राहायला आले, एस्प्रेसो मशीन मांडीवर घेऊनच. शेजारणी म्हणाल्या, बाप जेवत नाही अन् हिला कॉफीचं पडलंय. म्हणू देत! सकाळचा तो एक कप सोडला तर माझं म्हणावं असं काही उरलंच नव्हतं.

वडील खरंच जेवत नव्हते. आठ शिट्ट्या केल्या तरी माझ्या डाळीचा दाणा दाताखाली यायचाच. "कच्ची हाय," म्हणून ते ताट सरकवायचे. सदरा अंगावर लोंबायला लागला होता. आईच्या मागोमाग हेही जातात की काय, या भीतीनं माझा जीव अर्धा झाला होता.

मशीनचंही रडगाणं चालूच. बोअरचं पाणी घातलं तर पंधरा दिवसांत आत पांढरा थर चढला. लिंबूसत्वानं धुतलं, जारचं पाणी आणलं, तर कॉफी आंबट आणि पोकळ. पाण्यात थोडे तरी क्षार लागतात, नाहीतर चव उतरत नाही. मग दोन्ही पाणी मिसळून रोज त्यात क्षार मोजायचा मीटर बुडवत बसायचे. वैताग नुसता.

शेवटी शेजारच्या चाचींच्या अंगणातला आड आठवला. लहानपणी अख्खी गल्ली तिथलं गोडं पाणी प्यायची. पण आठ वर्षांपूर्वी मधल्या भिंतीवरून वडील आणि चाचा भांडले. "त्यांच्या आडाचा थेंब या घरात येणार न्हाई," असं वडिलांनी बजावलं होतं. तेव्हापासून बोलणं बंद.

एका दुपारी वडील आडवे झाल्यावर मी आईची कळशी उचलली आणि मागच्या बोळातून वळसा घालून गेले. चाचींनी कळशी पाहिली अन् ओढणी डोळ्यांना लावली.

"तिचीच ना गं ही? रोज यायची. तुझे बाबा झोपले की. डाळीपुरतं न्यायची."

मी पायरीवर बसूनच राहिले. समोरून गेलं तर दहा पावलं. अन् माझी आई गुडघे धरत, भर उन्हात, बोळातून! आठ वर्षं!

घरी येऊन आधी डाळ टाकली. चार शिट्ट्यांत लोण्यासारखी झाली. कॉफीही केली, पहिल्यांदाच दाट धार पडली, पण माझं तिकडे लक्ष नव्हतं. वडिलांनी घास घेतला आणि ते थांबले.

"चाचीकडचं पाणी?"

मी मान हलवली. आता ताट भिरकावतात, असंच वाटलं.

"तुझी आई बी तिथूनच आणायची. मला काय डाळ कळत न्हाई?"

"मंग बोलला का नाहीत?" माझा आवाज चढला. "समोरच्या दारानं गेली असती ना ती!"

त्यांनी ताटातली डाळ बोटानं एका कडेला घेतली. "झोपत नव्हतो मी दुपारचा. कळशी खाली ठेवल्याचा आवाज आला की मंग डोळा लागायचा. रोज म्हणायचो, उद्या सांगू तिला, समोरनंच जात जा म्हणून."

मला खूप भांडायचं होतं. पण त्यांचे डोळे गळत होते, आणि तसंच त्यांनी ताट पुढे केलं.

"वाढ अजून."

मी डाळ वाढली.