वाचून न दाखवलेला कागद

माझा डावा हात कोपरात सरळ होत नाही. कसा मोडला, असं कुणी विचारलं की मी आजवर एकच सांगत आलो: तरुणपणी शाळेच्या कामावर एका दारू प्यायलेल्या मजुराने पहार घातली. बायकोला हेच सांगितलं, मुलांना हेच, आणि चांद्याच्या कोर्टात शपथेवरही हेच. त्याने पहार घातली हे खरं. बाकी सगळं खोटं आहे.

तेव्हा चांदा जिल्हा एकच होता, गडचिरोली त्यातच होती. मॅट्रिक होऊन मी एका ठेकेदाराकडे कारकून म्हणून लागलो होतो. सिंदेवाहीच्या पुढे जंगलाला लागून एक गाव होतं. तिथली शाळा पाडून नवी बांधायचं काम त्याला मिळालं. ती इमारत मुळात शाळेसाठी बांधलेली नव्हती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लष्कराला जाणारं सागवान ठेवायचं ते गोदाम होतं. लढाई संपली आणि त्यात वर्ग भरू लागले. भिंतींना हात जाईल एवढ्या भेगा गेल्या होत्या. वर सिमेंटचे नागमोडी पत्रे होते. त्या भागात तसे पत्रे कुणी पाहिलेले नव्हते. त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतं आणि त्याची धूळ छातीत बसते, हे मला म्हातारपणी वर्तमानपत्रातून कळलं.

तेव्हा इतकंच माहीत होतं की तो पत्रा माणसाचं वजन पेलत नाही. तेही मला एकट्याला. इंजिनियरच्या कचेरीतून कामाबरोबर एक इंग्रजी कागद आला होता. शाळेला सुट्टी असल्याशिवाय काम सुरू करू नये. पत्र्यावर पाय देऊ नये, फळ्या टाकून त्यांवरूनच चालावे. बोल्ट सोडून पत्रा अख्खा दोरीने उतरवावा, फोडू नये. शेवटी, हे सर्व मजुरांना त्यांच्या बोलीत वाचून दाखवले असा दाखला, आणि खाली अंगठ्यांसाठी रेघा. तो कागद वाचू शकणारा कामावर मी एकटाच होतो.

सुट्टीचा नियम तेवढा पाळला गेला, कारण उन्हाळाच होता. पहिल्या दिवशी फळ्याही होत्या. दुसऱ्या दिवशी ठेकेदाराला त्या दुसऱ्या कामावर हव्या झाल्या. "गाडीत टाकून दे, इथी चालून जाते," तो म्हणाला. मी स्वतः त्या बैलगाडीत चढवल्या.

मजुरांत दोघे गोंड भाऊ होते. थोरला कवेलू, म्हणजे घरावरची कौलं, फेरण्यात नावाजलेला. पावसाळ्याआधी आसपासच्या दहा गावांतून त्याला बोलावणं यायचं. छपरावर तो अनवाणी चालायचा. आधी टाच नुसती टेकवायची, कान द्यायचा, मग वजन टाकायचं. कमजोर कवेलू फुटण्याआधी करकरतो. सिमेंटचा पत्रा करकरत नाही. हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं.

शिडीला हात लावून त्याने मला विचारलं, "बाबू, त्या कागदात काय लिहून आहे?"

"तुले काय करायचं? वर चढ."

"काल फळी होती, आज नाई. म्हणून विचारतो."

कडुनिंबाखाली खुर्ची टाकून बसलेला ठेकेदार तिथूनच म्हणाला, "काऊन बे, कवेलूवर फळी लागते का तुले?"

"कवेलू आपल्या घरचा आहे, भाऊ. हा पाहुणा आहे." मग तो धाकट्याकडे पाहून हसला. "नाई तर ठेकेदारभाऊलेच चढवू. पत्रे आपोआप खाली येतात."

सगळे हसले. ठेकेदारही पोटावर हात ठेवून हसला. कागद माझ्या खिशात होता. वाचून दाखवला असता तर तो चढला नसता, आणि दिवस वाया गेल्याबद्दल ठेकेदाराने मला घरी पाठवलं असतं. एवढाच विचार मी केला.

दुपारपर्यंत तो बोल्टांच्या रांगेवरूनच चालला. खाली लाकूड कुठे आहे ते त्याची टाच त्याला सांगत होती. पण उन्हाने पत्रा तव्यासारखा तापला. चटका बसला तसा त्याने पाय झटकन उचलून बाजूला टाकला. बंदूक उडावी तसा आवाज झाला.

तो वर्गाच्या मधोमध पडला. तिथे आम्ही काढलेल्या दारांच्या चौकटी ठेवल्या होत्या. त्यांना भिंतीत रुतवायच्या लोखंडी पट्ट्या तशाच होत्या. एक पट्टी त्याच्या कमरेच्या वरून आत गेली. फुटलेल्या पत्र्याची राखाडी भुकटी त्याच्या तोंडावर, डोळ्यांत आणि रक्तावर पसरली. तो "येर, येर" म्हणत होता. गोंडीत येर म्हणजे पाणी. धाकट्याने पाजलं ते सगळं बाहेर आलं. मग पाय दोनतीनदा जमिनीवर घासले गेले आणि थांबले. धाकटा काही वेळ त्याचं डोकं धरून बसला. मग उठून खाट आणायला गावाकडे पळाला. बाकीचे मजूरही त्याच्यामागे गेले.

ठेकेदार आत आला. मेलेल्याकडे त्याने एकदाच पाहिलं.

"कागद कुठी आहे?"

मी दाखवला. रेघा कोऱ्या होत्या.

"बाकीच्यांचे संध्याकाळी घेशीन. याचा?"

"याचा नाई घेतला, भाऊ."

"मंग आता घे. हात आहे ना त्याचा?"

मी शाईची गादी काढली. त्याचा अंगठा पहारीच्या कामाने दगडासारखा झाला होता, त्यावर भुकटी आणि रक्त. शाई धरेना. मी माझ्या धोतराने तो पुसला, थुंकी लावून पुन्हा पुसला, आणि गादीवर दाबला. हात अजून गरम होता. पहिला ठसा फिसकटला, म्हणून शेजारी दुसरा घेतला.

मान वर केली तर दारात धाकटा उभा. खाट त्याच्या डोक्यावर होती. त्याने ती खाली टाकली. भिंतीला टेकवलेली पहार उचलली आणि माझ्यावर घातली. डोकं वाचवायला मी हात आडवा धरला. हाड मोडलेलं मला ऐकू आलं. दुसरा घाव मातीत गेला. तोवर ठेकेदाराने मागून त्याच्या मानेवर दगड मारला.

तो पडल्यावर ठेकेदाराने आणि त्याच्या गाडीवानाने त्याला बैल हाकायच्या काठीने, तुतारीने मारलं, तिच्या टोकाच्या खिळ्याने टोचलं. पाठ फाटली, कान फाटला. आणि मीही मारलं. माझा एक हात लोंबत होता म्हणून मी लाथा मारल्या, त्याच्या तोंडावर. त्याचे दात तुटले तरी मी थांबलो नाही. त्याने पाहिलं होतं, हे मला सहन होत नव्हतं.

पोलीस यायच्या आत ठेकेदाराने गाडीवानाकडून मोहाची दारू आणवली. ती दोघांच्या अंगावर ओतली, मेलेल्याच्याही. पुढच्या आठवड्यात उरलेलं छप्पर खालूनच बांबूंनी आणि घणांनी फोडलं, कारण वर चढायला कुणी तयार नव्हतं. बायाबापड्या त्या धुळीत दिवसभर तुकडे वेचत होत्या. मी बांधलेल्या हाताने हजेरी घेत होतो.

पहार घातल्याबद्दल खटला धाकट्यावर झाला. कोर्टात तो एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत राहिला: "मेल्यावर अंगठा घेतला." तुटलेल्या दातांमुळे त्याचं बोलणं नीट कळत नव्हतं. हाकिमांनी मला विचारलं, अंगठा कधी घेतला? मी म्हणालो, सकाळी, कागद वाचून दाखवल्यावर. दोघेही प्यायलेले होते, थोरला न सांगता चढला. धाकट्याला दोन वर्षांची शिक्षा झाली.

तीसेक वर्षांनी मी त्याच्या गावी गेलो. तो अंगणात बांबूच्या कांब्या काढत बसला होता. मी समोर उकिडवा बसलो आणि सगळं सांगितलं. त्याने विळा थांबवला नाही.

"मले काऊन सांगून राह्यला बाबू? मी तिथीच होतो."

"चुकलो मी."

"या गावात मले कोणी खोटा म्हणत नाई. तिकडं म्हणतात. सरकारच्या कागदात माझा भाऊ बेवडा आहे. तिकडं सांग." मग तो म्हणाला, "पाणी पिऊन जा. ऊन आहे."

मी प्यालो आणि तिकडं सांगतो असं म्हणून आलो. ठेकेदार जिवंत होता तोवर मला भीती होती. तो गेल्यावर भीती गेली आणि लाज राहिली, तिने आणखी वर्षं खाल्ली. मध्यंतरी चौकशी केली तर धाकटाही गेला होता.

म्हणून, ज्यांनी माझी साक्ष ऐकली त्यांच्यापैकी कुणी असेल, किंवा त्यांची मुलंनातवंडं असतील, त्यांनी एवढं दुरुस्त करून घ्यावं. दोघा भावांपैकी कुणीही प्यायलेलं नव्हतं. फळ्या मी पाठवून दिल्या होत्या. कागदात काय आहे हे थोरल्याने मला विचारलं होतं. त्याच्या भावाने कोर्टात सांगितला तो शब्द न् शब्द खरा होता.