हेरन्सचा नववा गडी

रोज सकाळी हाउन्सलोच्या घरातून निघताना गर्शोन अष्टमकर दाराच्या चौकटीवर ठोकलेल्या मेझुझाला, म्हणजे प्रार्थनेच्या डबीला, बोट लावायचा, त्या बोटाचा मुका घ्यायचा आणि त्याच बोटाने शेजारणीच्या मांजराला फाटकावरून हाकलायचा.

"अहो, देवाला आणि मांजराला एकच बोट?" त्याची बायको सिप्पोरा आतून ओरडायची.

"दोघंही ऐकत नाहीत," म्हणत तो एअरपोर्टच्या मालाच्या शेडमध्ये पेट्या उतरवायला जायचा.

मुंबई सोडताना बापाने बंदरावर त्याच्याकडून एकच गोष्ट कबूल करून घेतली होती: मी गेल्यावर दरवर्षी माझ्या नावाने कद्दिश म्हण. ही प्रार्थना म्हणायला फार विद्या लागत नाही, दहा यहुदी पुरुष लागतात. मुंबईत गल्लीत हाक मारली की पंधरा यायचे आणि जेवणावरून भांडायचे. बाप गेल्यावर लंडनमध्ये कसेबसे दहा भरायचे. त्यात अडुसष्ट साली नॅथनकाका मुलाकडे इस्रायलला निघून गेले. त्या हिवाळ्यात बापाच्या पुण्यतिथीला नऊ जण ईलिंगच्या भाड्याच्या हॉलमध्ये दाराकडे बघत बसले, नारळाच्या रसातली कोंबडी जेवले आणि कद्दिश न म्हणताच पांगले.

"मला मोजत नाहीत," सिप्पोरा भांडी घासताना म्हणाली, "माझी कोंबडी मात्र बरोबर मोजतात."

गर्शोन हसला नाही. बापाला काय तोंड दाखवणार, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

गुरुवारी त्याला सुट्टी असे. त्या दिवशी दुपारी तो ईलिंगच्या एका पबच्या मागच्या खोलीत जायचा. दोन वर्षांपूर्वी तो तिथे लघवीला शिरला होता आणि काही न घेता बाहेर पडायची लाज वाटली म्हणून संत्र्याचं सरबत घेऊन कोपऱ्यात बसला होता. तिथे म्हातारे गोरे बेसबॉलवर बोलत होते. एकोणीसशे तीसच्या दशकात या देशात हा खेळ चार दिवस जोरात होता, तेव्हाचे हे खेळाडू. संघाचं नाव हेरन्स, म्हणजे बगळे.

"इंडियातला ना? मग आता क्रिकेट शिकवशील आम्हाला," त्यांचा कॅप्टन टेड म्हणाला होता.

"मला चेंडूची भीती वाटते," गर्शोन म्हणाला. त्या दिवसापासून त्याची खुर्ची पक्की झाली.

गोष्टी त्याच त्याच असत. टेडने टोलवलेला चेंडू पहिल्या वर्षी कुंपणापलीकडे गेला होता, दुसऱ्या वर्षी कालव्यापलीकडे. गर्शोनच्या अंदाजाने तो लवकरच नॉटिंगहॅमला पोचणार होता. आल्फी मार्क्स फलंदाजामागे उकिडवा बसून चेंडू झेलायचा. त्याची बोटं आल्याच्या तुकड्यासारखी वाकडी झाली होती. त्याच बोटांत हॅम सँडविच धरून तो टेडला खोटारडा म्हणायचा.

कद्दिश हुकलं त्याच आठवड्यात हेरन्सचाही एक माणूस गेला. आता उरले आठ. त्यांचा नियम असा, की बेसबॉलच्या संघाचे पूर्ण नऊ गडी उभे राहिल्याशिवाय संघाच्या नावाने ग्लास उचलायचा नाही. बिअर समोर, आणि आठही जण दाराकडे बघत बसलेले. गर्शोनला हसू फुटलं.

"यात हसण्यासारखं काय आहे?" टेड गुरकावला.

"आमच्याकडेही असंच झालं. दहा लागतात, नऊच आले. बापाचं कद्दिश राहिलं."

आल्फीचं सँडविच हवेतच थांबलं. "कद्दिश? तू यहुदी? अरे, तू तर गायीला नमस्कार करणारा!"

"आणि तू? यहुदी असून डुक्कर खातोस!"

"चांगलं असतं म्हणून खातो," आल्फी म्हणाला. मग सँडविच खाली ठेवलं. "आई गेली तेव्हा मी हल शहरात सामना खेळत होतो. तिचं कद्दिश कोणी म्हटलं कोणास ठाऊक. तुमच्याकडे नंतर जेवण असतं का?"

"कोंबडी असते."

"मग मी येतो. पण आधी तू इथे उभा राहा. उजव्या टोकाला. तिकडे चेंडू फारसा येत नाही."

गर्शोन सरबताचा ग्लास घेऊन नववा उभा राहिला. पुढच्या हिवाळ्यात आल्फी हॉलमध्ये दहावा बसला, डोक्यावर बगळ्याचं चित्र असलेली बेसबॉलची टोपी. तो 'आमेन' असा ओरडला की सिप्पोराच्या हातातला डाव पडला. गर्शोनने बापाचं कद्दिश म्हटलं. शेजारी आल्फी तेच शब्द पुटपुटत होता आणि मध्येच त्याने एका बाईचं नाव घेतलं. जेवताना तो तीनदा कोंबडी मागून टेडला शिव्या देत होता.

असं सहा हिवाळे चाललं. सातव्या वेळी बापाच्या दिवसाच्या दोन दिवस आधी गर्शोन झोपेतच गेला. आता पुन्हा एक कमी पडला असता, पण आल्फीने आपल्या मेव्हण्याला स्टेपनीहून दंडाला धरून आणलं. दहा भरले. बापाच्या पाठोपाठ मुलाचंही कद्दिश झालं.

झोपेत गेला त्याच रात्री दिवा मालवताना गर्शोन सिप्पोराला म्हणाला होता, "आल्फीला फोन कर गं. म्हणावं, या वेळी तरी टोपी धुऊन घाल."