खटका वाजला पाहिजे

आमच्या घरी लोणच्याचा कारखाना निघालाय, असा शेजारणीचा पक्का समज झाला होता. तिची चूक नाही, वास तसाच येत होता. मी बाबांची पत्र्याची पेटी उघडली होती, आणि जुनी फिल्म म्हातारी झाली की तिला व्हिनेगरसारखा आंबट वास सुटतो. आता ही गोष्ट नांदेडातल्या आमच्या गल्लीला कुठून ठाऊक असणार? चवीला वाटीभर पाठवा म्हणून निरोप आला, तेव्हा मीही 'अजून मुरतंय' असं उत्तर धाडलं.

बाबांचा अहमदपूरला एसटी स्टँडजवळ फोटो स्टुडिओ होता. तो बंद झाल्यावर ते माझ्याकडे राहायला आले आणि सोबत ही पेटी आली, निगेटिव्हनी गच्च भरलेली. "गिऱ्हाईक कॉपी मागायला कधी येईल सांगता येत न्हाई," हे त्यांचं तत्त्व. ज्यांची लग्नं पेटीत होती त्यांची नातवंडं लग्नाला आली, तरी बाबा गिऱ्हाइकाची वाट बघत होते.

खरं गिऱ्हाईक एकच उरलं होतं आणि ते घरातलंच होतं. माझी आत्या, बाबांची धाकटी बहीण, उमरीला दिलेली.

आत्याच्या लग्नाच्या अल्बममध्ये शेवटचं पान रिकामं आहे. फोटो अडकवायचे चार काळे कोपरे तेवढे चिकटवलेले. ती जागा आबांची, म्हणजे माझ्या आजोबांची. पोराचा स्टुडिओ असून आबांनी जन्मात फोटो काढू दिला नाही. "घरच्या माणसाचा कशाला? रोज दिसतो की मी," म्हणायचे. आत्याच्या पाठवणीला मात्र स्वतःहून कोट चढवून तिच्या शेजारी येऊन उभे राहिले. फ्लॅश उडालेला आत्यानं डोळ्यांनी पाहिला. फोटो काही आला नाही. "जळाला," बाबा एवढंच म्हणाले. पुढच्या वर्षी आबा गेले.

तेव्हापासून बहीणभावाची भेट झाली की पहिला टोमणा ठरलेला. "दादा, दुनियेच्या लग्नाचे फोटो निघाले, आन् माझाच बरा जळाला! लाकडं कुणी टाकली रे?"

गेल्या वर्षी मात्र तिनं फोन केला आणि टोमणा मारलाच नाही. मला म्हणाली, "पोरी, आबांचा चेहरा मला दिसंना झालाय बग. मिशा आठवतेत. बाकीचं न्हाई."

टोमणे मारणारी आत्या मला चालते. ही नाही चालली. मी त्याच दिवशी ठरवलं, जळालेला असो की बुडालेला, हा फोटो मी बाहेर काढणार.

लातूरच्या एका बंद पडलेल्या लॅबमधून फिल्म स्कॅनर मिळवला. दिसायला पावाच्या डब्याएवढा, आवाज पिठाच्या गिरणीचा. नव्या लॅपटॉपशी त्याचं अजिबात जमेना. माळ्यावरचा जुना कॉम्प्युटर खाली उतरवला, तेव्हा कुठे गडी बोलायला लागला. मग माझा दिनक्रम बसला. फिल्मची पट्टी कडेनं चिमटीत धरायची, मऊ ब्रशनं झाडायची, होल्डरमध्ये नीट बसवायची, आत सरकवायची आणि घर्रर्र. चहा उकळून गाळून होईतो एक फोटो.

पहिल्याच दिवशी पराक्रम केला. कॉम्प्युटरवर 'धूळ काढा' अशी सोय दिसली, ती मी आनंदानं लावली. मशीन इमानदार निघालं. त्यानं धुळीबरोबर नवरदेवाच्या भुवया काढल्या, वरमाईचे दात काढले आणि मुंडावळ्या गायब केल्या. नंतर कळलं, ती सोय रंगीत फिल्मसाठी असते. ब्लॅक अँड व्हाइट फिल्मवर चित्र चांदीचं असतं आणि मशीनला तीच धूळ वाटते.

बाबा खुर्चीत मागे रेलून खुदखुदले. "आमची चांदी, आन् तुझ्या मशीनला माती!"

रोज ते असे माझ्यामागे खुर्ची टाकून बसायचे आणि पडद्यावर येणाऱ्या प्रत्येक वऱ्हाडाच्या उखाळ्यापाखाळ्या काढायचे. पण आत्याचं लग्न पडद्यावर आलं, तशी त्यांनी खुर्ची उचलून दारापुढच्या ओट्यावर नेली.

मी नेटानं अख्खा रोल स्कॅन केला. मांडव, पंगत, रुसलेले व्याही, सगळं आलं. आबा नव्हते. अगदी शेवटचा फोटो तेवढा मशीनला दिसेना. पट्टीवर तो काळाठिक्कर होता आणि पडद्यावर पांढराफटक. मी तो सोडून दिला आणि पेटीतलं दुसरं पाकीट काढायला लागले.

बाबा दारात येऊन उभे. "बंद कर आता. आबा न्हाईत त्यात."

"जळाला म्हणून?"

"जळायला आधी निघावा लागतो, बाई."

मग खाली बघत त्यांनी सांगितलं. व्याह्यांकडच्या पाहुण्यांनी 'माझा एक, माझा एक' करत रोल संपवला होता. शेवटचा फोटो आंदणाच्या भांड्यांचा, तोही त्यांच्याच हट्टापायी. आणि तेवढ्यात आबा कोट घालून हजर.

"वऱ्हाडासमोर सांगू, सख्ख्या बापासाठी रोल न्हाई म्हणून? आमच्या धंद्यात रिवाज होता. लई आग्रह झाला की नुसता फ्लॅश उडवायचा. पाव्हणा खुश, फिल्म शाबूत."

खरं तर मी चिडायला हवं होतं. पण तालुक्यातले कितीतरी मामा आणि फुवा कोऱ्या उजेडापुढे छाती फुगवून उभे राहिलेले माझ्या डोळ्यांपुढे आले आणि मला हसू आवरेना.

"आणि आबाही फसले?"

"कुठले फसतेत! दिवसभर स्टुडिओत बसून सगळं बघितलेलं. म्हणले, 'खटका वाजला न्हाई रे. पुन्हा मार.' समद्या वऱ्हाडात!"

"मग?"

"मग काय, वाजवला. कॅमेऱ्याच्या बुडाला एक बटण असतंय. ते दाबून धरलं की फिल्म जागची हालत न्हाई, पण खटका भरायचा लिव्हर वढता येतो. वढला, आन् वाजवला खटका. फ्लॅशबी उडवला."

मी उठून उभीच राहिले. "बाबा, खटका वाजला म्हणजे कॅमेऱ्यातला पडदा उघडला. पडद्यामागं काय होतं?"

"भांडी," बाबा म्हणाले. "भांड्यांचाच फोटो तिथं..."

एकाच जागी दोनदा उजेड पडला होता. म्हणून ती जागा काळीठिक्कर. फिल्म धुताना बाबांना वाटलं, स्टीलवर फ्लॅश चमकून बिघडला. त्यांनी तो छापलाच नाही, आणि आबा गेल्यावर तर ते पाकीट पुन्हा उघडलंसुद्धा नाही.

आता मी पदर खोचला. स्कॅनरचा उजेड वाढवला. पांढरंफटक. आणखी वाढवला. मशीन गरम झालं, थांबलं. मी टेबलफॅन त्याच्याकडे वळवला. आमचे हे म्हणाले, "मला कधी असा वारा घातला न्हाईस." मी पुन्हा उजेड वाढवला. आधी एक हंडा आला. मग परात. मग हंड्याच्या पोटावर कोटाची गुंडी. वर, कळशीच्या गळ्याशी, मिशा. आणि मिशांच्या वर दोन डोळे, 'बघू कसा फसवतोस' असे. शेजारी आत्या, परातीतून उगवल्यासारखी.

बाबा पडद्याजवळ वाकले. "वरची गुंडी लावलेली न्हाई," म्हणाले. "मी सांगायला पायजे होतं."

मी आणि बाबा फोटो छापून घेऊन उमरीला गेलो. आत्यानं चष्मा पुसला आणि फोटो खिडकीकडे नेला. आबांच्या गालावरून, नाकावरून बोट फिरवत राहिली. मग बोट हंड्यापाशी येऊन थांबलं.

मी घाबरून म्हणाले, "आत्या, कॉम्प्युटरवर भांडी पुसून देते. आबा एकटे स्वच्छ दिसतील."

"खबरदार!" आत्या वळली. "ती भांडी आबांनीच आणली, लातूरला जाऊन. हंडा वाजवून वाजवून घेतला. ह्याचा आवाज बद्द, त्याचा बद्द, दुकानदार कावला! तो हंडा अजून मोरीत हाय माझ्या. ऱ्हाऊ दे आबांच्या छातीवर." मग भावाकडे बघून, "काय दादा, जळाला व्हता न्हव?"

बाबांनी सगळं खरं सांगितलं. माझ्यापुढे सांगितलं होतं त्याहून थोडं जास्तच. आत्यानं ऐकून घेतलं, फोटो चार कोपऱ्यांत बसवला आणि त्यांच्यापुढे चहा ठेवला. टोमणा नवा मिळाल्याचं तिच्या तोंडावर दिसत होतं.

मी दोघांना खिडकीपाशी बसवलं, अल्बम मधे ठेवला आणि मोबाइलवर फोटो काढला.

"झालं," मी म्हणाले.

आत्या जागची हलली नाही. "खटका कुटं वाजला?"

मोबाइल मुका होता. मी त्याचा आवाज सुरू केला आणि दुसरा फोटो काढला.