समीक्षाचा तास आणि माझा शेरा

आमच्या डोंबिवलीच्या शाळेत समीक्षा भोईर शिकवायला आली आणि माझी झोपच उडाली. वय ते काय, पंचविशीसुद्धा नाही! खाडीकाठच्या गावातली पोरगी, आजी आवडाबाई मिठागरात राबलेली. ही स्कूटीवरून भुर्रकन येते, वर्गात गावच्या बोलीत बोलते, आणि मुलं मधल्या सुट्टीतसुद्धा तिच्या मागे मागे. माझ्या मागे कधी कुत्रं फिरलं नाही. जळते मी तिच्यावर, अगदी मनापासून.

त्यात मुख्याध्यापक सखारामसरांनी मलाच सांगितलं, ‘कांताबाई, विज्ञानात तुम्ही सीनियर. तिचा तास बघा, शेरा लिहा. चांगला आला तर तिला कायम करू, आणि दहावीचं विज्ञानही तिलाच देऊ.’ दहावीचं विज्ञान म्हणजे माझं! इतकी वर्षं कुणाला त्याला हात लावू दिला नव्हता. म्हटलं, थांब, बघतेच तुला.

सातवीच्या वर्गात शेवटच्या बाकावर जाऊन बसले. गोंगाट तर एवढा की भाजी मार्केट बरं. मनात शेरा तयारच झाला: वर्गावर नियंत्रण नाही. तेवढ्यात तिनं पिशवीतलं मूठभर जाडं मीठ टेबलावर ओतलं आणि विचारलं, ‘पाऊस समुद्राच्याच पाण्याचा ना रे? मग तो खारट का नाही?’

पोरं मिठाकडे टक लावून बघायला लागली. हे उत्तर मी जन्मभर फळ्यावर लिहून दिलंय, पोरांनी उतरवून घेतलंय. पण काय झालं कोण जाणे, माझाच हात वर गेला!

‘बाई, तुम्ही नका ना सांगू,’ समीक्षा हसत म्हणाली, ‘त्यांना शोधू द्या.’ पोरं खिदळली. माझा नुसता तिळपापड झाला. आणि मग दिशा उभी राहिली. ‘बाई, पाण्याची वाफ वर जाते. मीठ खालीच राहतं, मिठागरात राहतं तसं.’ गेल्या वर्षी माझ्या तासाला ही पोरगी तोंड उघडत नव्हती हो!

ऑफिसात जाऊन शेरा लिहिला: मुलं स्वतः विचार करतात, कायम करावं. लिहिताना पेन असं दाबलं की कागद फाटायचाच बाकी राहिला. सखारामसरांनी वाचून विचारलं, ‘मग दहावी तिला देऊ?’ ‘द्या,’ म्हटलं, आणि तडक स्टाफरूममध्ये आले.

समीक्षा धावत मागून आली. ‘बाई, काही चुकलं का हो माझं?’

‘फळा पुसायचा राहिला,’ मी म्हटलं. काहीतरी चुकायला नको का मेलीचं!