नको म्हटलं तरी टपाल

डोमाजीभाऊंना काहीही सांगा, ते आधी डावी मूठ पुढे करून म्हणायचे, "फायदा." तो सांगून झाला की उजवी मूठ पुढे यायची, "तोटा." मग दोन्ही मुठी उघडून हात झटकायचे आणि निघून जायचे. निकाल तुमचा तुम्ही लावायचा.

मी वडशाहून त्या गावात पोस्टमास्तर म्हणून रुजू झाले त्या दिवशी त्यांनी माझाही हिशेब असाच मांडला. गावाचं नाव सांगत नाही, कारण पुढे ज्या साहेबांचा उल्लेख येणार आहे ते बहुधा अजून नोकरीत आहेत. पोस्ट म्हणजे एका घराची पुढची खोली आणि तिला एक खिडकी. खिडकीबाहेर उंच, वाळका, पांढऱ्या मिशांचा एक माणूस उभा होता. उजवा खांदा डाव्यापेक्षा चांगला दोन बोटं खाली उतरलेला. त्याने मला नीट न्याहाळलं आणि डावी मूठ पुढे केली.

"बाई आली. फायदा, अक्षर चांगलं असंल. तोटा, दोन वर्षांत लगन करून जाईन."

मी तेवीस वर्षांची, नवी नोकरी, त्यात नाकावर राग. "तुमचं काय काम आहे?" मी फटकन विचारलं.

"काम काईच नाई जी. बत्तीस वर्षं ह्या पोस्टाची थैली मीच वाह्यली. आता रिटायर झालो. टपाल आलं का, पाहाले येतो."

त्या खाली उतरलेल्या खांद्याचा उलगडा तेव्हा झाला. बस नदीपलीकडे थैली टाकून जायची. तिथून ती डोंग्यातून नदी ओलांडून आणि पुढे सात किलोमीटर जंगलातून चालत आणायची, ही त्यांची रनरची नोकरी. अस्वल कधी भेटलं का, असं मी एकदा विचारलं. "दोनदा. फायदा, थे कोनाचं टपाल वाचत नाई. तोटा, पावती देत नाई," ते म्हणाले. रिटायर झाल्यावरही टपाल यायच्या वेळेला ते रोज खिडकीशी हजर असायचे. मी पत्रं वेगळी करायचे, ते बघायचे आणि मान हलवून घरी जायचे. मला वाटायचं, म्हाताऱ्याला सवय लागली आहे, दुसरं काय.

वर्षभराने वरून पत्र आलं. या शाखेत टपाल फार कमी आहे, तेव्हा ती नदीपलीकडच्या पोस्टात विलीन करण्याचा विचार चालू आहे. पुढच्या पावसाळ्यात एक साहेब येऊन आठवडाभर टपाल मोजतील आणि मग निर्णय होईल. माझी बदली झाली असती, त्याचं एवढं काही नव्हतं. पण आमच्या भागात पावसाळ्यात नदी चार महिने मनाला येईल तेव्हा वाट देते. मोबाइलचा टॉवरही तेव्हा पलीकडच्या काठापर्यंतच आलेला. भरतीचं बोलावणं, नर्सिंगच्या प्रवेशाचं पत्र, मिरची तोडायला तेलंगणात गेलेल्यांचं खुशालीचं कार्ड, सगळं पलीकडे पडून राहिलं असतं आणि तारीख उलटल्यावर हातात आलं असतं. मी ते पत्र डोमाजीभाऊंना वाचून दाखवलं. त्या दिवशी ते फायदाही म्हणाले नाहीत आणि तोटाही नाही, नुसते निघून गेले.

चार दिवसांनी ते चुरगळलेलं एक इंग्रजी वर्तमानपत्राचं पान घेऊन आले. वडशाच्या दुकानदाराने त्यात साबण बांधून दिला होता. पानावर दोन जाहिराती होत्या. एक घरपोच गाण्यांच्या सीडी पाठवणाऱ्या क्लबची, दुसरी घरपोच सिनेमे पाठवणाऱ्या क्लबची.

"बाई, हे दोनी फारम भरून द्या."

"भाऊ, तुमच्याकडे वाजवायला यंत्र आहे?"

"नाई."

"टीव्ही?"

"नाई."

"मग क्लब कशाला?"

"तुमी आधी वाचून त सांगा, काय काय लिवलं हाय."

मी वाचलं. गाण्यांच्या क्लबात सुरुवातीला पाच सीडी भेट मिळणार होत्या. पुढे दर महिन्याला एक कार्ड येणार, 'या महिन्याची निवड'. ती नको असेल तर दहा दिवसांत तसं कळवायचं. कळवलं नाही तर सीडी आपोआप घरी येणार. आता क्लब मुंबईचा, आणि मुंबईचं टपाल आमच्या गावात यायलाच बारा दिवस लागत. मी म्हटलं, "भाऊ, हा सरळ सरळ सापळा आहे. आपण नको म्हणायच्या आतच मुदत संपलेली असेल."

म्हाताऱ्याचे डोळे असे चमकले की मला धडकीच भरली. "म्हंजे पाहा बाई. त्याहिचं कार्ड येनार, एक. आपन नको म्हननार, दोन. तरी सीडी येनार, तीन. आपन वापस धाडनार, चार. मंग थे माफी मांगनार, पाच. नको म्हटलं तरी टपालच ना जी!"

मी बोटांवर मोजलं. हिशेबात कुठे चूक नव्हती.

असे डोमाजीभाऊ एकदम दोन क्लबांचे सभासद झाले. पैशांची सोय त्यांनी सुपारी-तंबाखूचा खर्रा सोडून केली. "फायदा, दात वाचले. तोटा, तोंड रिकामं राह्यलं, आता बायकोसंगं बोला लागते." मग त्यांनी घरोघर फिरून आणखी सात जणांना सभासद करून घेतलं. त्यांतल्या कोणाकडेही यंत्र नव्हतं. भेट आलेल्या सीडी धानाच्या बांध्यांत सुतळीने टांगल्या गेल्या. उन्हात त्या अशा लखलखायच्या की पोपटांचे थवे वरच्या वर वळून जायचे. रानडुकरांवर मात्र संगीताचा काडीचा परिणाम झाला नाही.

सिनेमांच्या क्लबची तऱ्हा निराळी. आपण दहा सिनेमांची यादी पाठवायची, त्यातला जो मोकळा असेल तो ते पाठवणार. तो परत केल्याशिवाय पुढचा नाही. यादी करायला ग्रामपंचायतीच्या ओट्यावर बैठक बसायची. म्हाताऱ्यांना देवादिकांचा सिनेमा हवा असायचा, तरुणांना मारामारीचा आणि बायकांना रडण्याचा. सिनेमा यायचा तो भलताच. एकदा कुठल्या तरी परदेशातला आला. सुरुवातीपासून शेवटपर्यंत नुसता बर्फ, आणि भाषा कोणाच्या बापाला कळेना. शाळेच्या गुरुजींकडे टीव्ही आणि सीडी लावायचं यंत्र होतं, त्यावर सगळं गाव दाटीवाटीने बसून तो बघत होतं. डोमाजीभाऊ पडद्याशेजारी उभे राहिले आणि त्यांनी गोष्ट समजावून सांगायला घेतली.

"हा मानूस खिडकीत काऊन बसला? पत्राची वाट पाहून राह्यला. हे बाई काऊन रडून राह्यली? तिनं पत्र टाकलं, पन बर्फामुळं रनर अडकला."

त्यांच्या सांगण्यात प्रत्येक सिनेमात कोणी ना कोणी टपालाची वाट बघत असायचं. बायका डोळे पुसू लागल्या. सिनेमा संपल्यावर बयनाबाई नावाच्या एकट्या राहणाऱ्या म्हातारीने कळवळून विचारलं, "मंग आलं का थे पत्र?"

"दुसऱ्या भागात येते," डोमाजीभाऊंनी ठोकून दिलं.

पुढे पुढे त्यांचा हात फारच बसला. सिनेमाच्या पाकिटात ते मुद्दाम गाण्याची सीडी घालून परत पाठवायचे. दोन आठवड्यांनी क्लबचं कडक इंग्रजी पत्र यायचं. मी ते वाचून अर्थ सांगायचे आणि यांच्या मिशा आनंदाने थरथरायच्या. मग माझ्या चांगल्या अक्षरात माफीचं पत्र, मग खरी सीडी रजिस्टरने, मग त्यांची पोच. "भाऊ, ही लबाडी झाली," मी एकदा म्हटलं. "बाई, चुकने काई गुन्हा नाई. मी जरासा जास्त चुकतो, एवढंच," ते म्हणाले. मी हसले आणि पुढचं माफीपत्र लिहायला घेतलं. म्हणजे त्या लबाडीत मीही होतेच.

मोजणीचा आठवडा भादव्यात आला. साहेब तरुण होते, नागपूरकडचे, बोलायला मऊ. सोमवारी दुपारी शेवटच्या डोंग्याने ते अलीकडे आले आणि संध्याकाळी नदी फुगली. डोंगा बंद, थैली बंद. क्लबांची सगळी पाकिटं पलीकडच्या काठावर. मंगळवारी रकाना कोरा, बुधवारी कोरा. साहेब शाळेत झोपायचे, डोमाजीभाऊंकडे जेवायचे आणि माझ्यासमोर खुर्चीवर बसून कोऱ्या रजिस्टरकडे बघायचे. त्यांनाच वाईट वाटत होतं. गुरुवारी सकाळी माझा धीर सुटला. वर्षभर केलेला सगळा खटाटोप नदीने एका रात्रीत धुऊन नेला होता. मी रजिस्टरवर डोकं टेकून रडले.

डोमाजीभाऊ खिडकीशी होतेच. जरा वेळाने म्हणाले, "बाई, गावातल्या मानसानं गावातल्याच मानसाले पत्र टाकलं त नदी कायले पायजे?"

मी मान वर केली.

"आन थे मोजते किती खेपा?"

मी विचार केला. टाकताना एकदा. वाटताना एकदा. "दोनदा," मी म्हटलं, आणि मग एकदम आठवलं की साहेब शेजारीच बसले आहेत.

साहेबांनी घसा साफ केला. खिडकीतून बाहेर बघत ते सावकाश म्हणाले, "नियमात टपाल मोजा, एवढंच आहे. ते कुठून कुठे जावं याबद्दल काही लिहिलेलं नाही."

दुपारपर्यंत माझ्याकडची पोस्टकार्डं संपली, मग आंतरदेशीय पत्रं निघाली. बांधावरून भांडण होऊन सहा वर्षं अबोला धरलेले दोघे भाऊ भिंतीला भिंत लागून राहत होते. त्यांनी एकमेकांना पत्रं टाकली. आत शिव्याच असाव्यात, कारण चिकटवलेली बाजू दोघांनीही दोनदा तपासली. पण सहा वर्षांनी संवाद तर झाला. नवऱ्याने बायकोला लिहिलं, सुनेने सासूला लिहिलं. बयनाबाई काठी टेकत आली आणि खिडकीशी उभी राहिली.

"मले कोन हाय लिवाले?"

साहेबांनी खुर्ची पुढे ओढली. "मी लिहून देतो, आजी. कोणाला लिहायचं?"

बयनाबाईने थोडा वेळ विचार केला. "डोमाजीले लिवा. बत्तीस वर्षं लोकायचं टपाल वाह्यलं त्यानं. रोज इथी येऊन उभा राह्यते. त्याले कदी कोनाचं येत नाई."

मी रोज त्या माणसासमोर पत्रं वेगळी करत होते आणि हे माझ्या एकदाही लक्षात आलं नव्हतं. त्यांचा मुलगा बल्लारपूरला पेपर मिलमध्ये होता. वर्षातून एकदा तो स्वतःच यायचा, लिहायचा कशाला? क्लब सोडले तर डोमाजीभाऊंच्या नावाने कधीच काही आलं नव्हतं. ते येतात ते सवयीने, असं मी धरून चालले होते. मला माझीच लाज वाटली.

बयनाबाईचं ऐकून पुढचे लोकही तेच सांगू लागले. डोमाजीले लिवा. शनिवारी मी थैली भरून त्यांच्या अंगणात गेले तेव्हा ते जाळं विणत बसले होते. मी गठ्ठा त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी वरचं पत्र उचललं, आधी ठप्पा पाहिला. "साफ उठला हाय," म्हणाले. मग स्वतःचं नाव वाचलं. दुसऱ्या पत्रावरचं वाचलं. तिसऱ्यावरचं वाचलं. मी चौथं फोडून वाचायला घेणार तेवढ्यात त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"तुमी जा बाई. माह्या नावाचं हाय, मीच वाचीन."

पोस्ट गावातच राहिलं. साहेबांनी अहवालात काय लिहिलं ते मी कधी विचारलं नाही. डोमाजीभाऊंनी दोन्ही क्लबांना सभासदत्व नको म्हणून कळवलं. ते मान्य व्हायला सहा महिने आणि अकरा पत्रं लागली. काही वर्षांत ते क्लबच उठले. आता टॉवर अलीकडे आला आहे, पोरंसोरं मोबाइलवर हवं ते गाणं हव्या त्या क्षणी लावतात. डोमाजीभाऊ ते बघायचे. "फायदा, लगेच येते. तोटा, लगेच येते," म्हणायचे.

गावाला मात्र त्यांना लिहायची खोड लागली ती लागलीच. कोणाची म्हैस व्याली, कोणाचं जावयाशी बिनसलं, की डोमाजीभाऊंना कार्ड. ते उलट टपाली दोन्ही मुठी लिहून पाठवायचे. मीही लिहायचे. लग्न करून मी गेले नाही. शाळेच्या गुरुजींशीच लग्न केलं आणि तिथेच राहिले, हा त्यांचा आयुष्यातला एकमेव चुकलेला अंदाज. घर चार हातांवर, तरी मी त्यांना जे सांगायचं ते तिकीट लावूनच सांगायचे.

परवाच्या माघात ते गेले. दोन दिवस ताप आला आणि रविवारी पहाटे संपलं. बायको आधीच गेली होती. मुलगा बल्लारपूरहून आला, अंत्यसंस्कार उरकून, घराला कुलूप लावून परतला. सोमवारी सुटीमुळे पोस्ट बंद होतं. मंगळवारी मी पेटी उघडली तर आत एकच आंतरदेशीय पत्र होतं. शनिवारी दुपारी मीच टाकलेलं. त्यात मी त्यांना पुन्हा खर्रा सुरू केल्याबद्दल चांगलं झापलं होतं.

पत्रावर ठप्पा मारला. मग नियमाप्रमाणे शेरा लिहिला, पत्ता असलेली व्यक्ती मयत, पाठवणाऱ्यास परत. अक्षर चांगलं आलं नाही. पत्र पालटलं. मागच्या बाजूला पाठवणाऱ्याच्या जागी माझं नाव होतं. मी रजिस्टर पुढे ओढलं, पत्र मिळालं म्हणून सही केली आणि खिडकी बंद करून पोटभर रडले.