रेडिओवरची लाल खूण

आमच्या हिला ऑफिसात सगळे मोजपट्टी म्हणतात, आणि तिला ते नाव आवडतं. पाण्याचे पंप बनवणाऱ्या कंपनीत ती सव्वीस वर्षं आहे. बैठका कुठल्या हॉटेलात घ्यायच्या, कंपनीच्या माणसांनी परगावी कुठे उतरायचं, हे ती ठरवते. तिच्या पर्समध्ये एक वेळ कंगवा नसेल, टेप असतोच.

हॉटेल निवडणं म्हणजे फोटो बघून फोन करणं, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा रविवारी तिच्याबरोबर जावं. मी दहा वर्षं जातोय. चाकांची बॅग ओढत ती स्टेशनापासून हॉटेलापर्यंत स्वतः चालते. 'पाच मिनिटांवर' असं छापणारा माणूस कधी बॅग घेऊन चाललेला नसतो, असं तिचं म्हणणं. पलंगाजवळ प्लग आहे का, लिफ्टला किती वेळ लागतो, सगळं वहीत लिहिते. मग मॅनेजरला सभागृहाबाहेर उभं करून विचारते, "चहाची सुट्टी पंधरा मिनिटं. बायका साठ, स्वच्छतागृहं दोन. कसं करायचं, सांगा." मॅनेजर घाम पुसतो. मला त्याची दया येते, पण अभिमान त्याहून जास्त वाटतो.

तिची खरी परीक्षा मात्र रेडिओची. हॉटेलवाले एकाच मोठ्या दालनात सरकती भिंत ओढून दोन सभागृहं करतात. मग इकडे आपले साहेब तळमळीने बोलत असतात आणि टाळ्या पलीकडच्या ऐकू येतात. म्हणून मी पलीकडे आमचा जुना रेडिओ लावायचा आणि तिने इकडे शेवटच्या रांगेत, भिंतीलगतच्या खुर्चीत बसायचं. रेडिओच्या बटणापाशी तिने नेलपॉलिशने लाल खूण केली आहे. बटण तिथे आणलं की सभेत माणूस बोलतो तेवढा आवाज होतो. त्या आवाजात इकडे एक अक्षर जरी ऐकू आलं, तरी हॉटेल बाद.

यंदा मामला मोठा होता. वार्षिक बैठक, तीनशे विक्रेते, तीन दिवस. नव्या साहेबांना शहराच्या मध्यातलं उंच हॉटेल हवं होतं, खिडकीतून नदी दिसणारं.

"नदी बघायला बोलावतोय का त्यांना?" ही साहेबांना म्हणाली. "शहरात ठेवलंत तर पाच वाजता निम्मे खरेदीला पसार होतील. उपनगरात ठेवा. विमानतळ जवळ, गाड्या लावायला जागा, आणि संध्याकाळी कुठे जायचं नसलं की माणसं आपोआप एकमेकांशी बोलतात."

"ठीक आहे," साहेब म्हणाले. "पण एक जरी तक्रार आली, तर पुढच्या वर्षीपासून हे काम बाहेरच्या एजन्सीकडे."

घरी येऊन तिने मला हे जसंच्या तसं सांगितलं आणि वर म्हणाली, "येऊ दे तर खरी तक्रार!"

त्या रविवारी आम्ही गेलो ते हॉटेल चार मजली होतं. दिसायला अगदीच बेतास बात, पण कामाचं. प्लग, लिफ्ट, स्वच्छतागृहं, सगळ्यात पास. राहिला रेडिओ.

आता माझं पाप सांगतो. वर्षभर हिला कमी ऐकू येत होतं. दारावरची बेल वाजली की दार उघडायला मीच जायचो. टीव्ही असा लावायची की शेजाऱ्यांना वेगळा लावायची गरज नव्हती. मी जन्मभर शिलाई मशिनं दुरुस्त केली, आवाजावरून बिघाड ओळखायची सवय, त्यामुळे माझ्या आधी लक्षात आलं. पण जिचा सगळा रुबाब तपासणीवर, तिला कुठल्या तोंडाने सांगणार? म्हणून मी रेडिओ खुणेच्या थोडा पुढे लावायला लागलो. तिला कमी पडतं ते आपण भरून काढू, असा माझा शहाणपणा. त्यात दोन हॉटेलं बाद झाली, ती बिचारी कदाचित चांगलीही असतील. या वेळी तर मी बटण शेवटपर्यंत पिळलं.

ती बाहेर आली ती खूश होऊन. "एकदम चिडीचूप. हेच हॉटेल!"

एरवी मी रेडिओ बंद करून, बटण खुणेवर आणून परत यायचो. आज मॅनेजरने मला कॉफीसाठी अडवलं, आणि ही पलीकडचं दार मोजायला आत गेली. मी कप ठेवून धावलो, पण उशीर झाला होता. रेडिओ बोंबलत होता आणि ती बटणाकडे बघत उभी होती.

"मी बसले होते तेव्हाही एवढाच होता?"

"हो."

"कधीपासून चाललंय हे?"

"वर्ष झालं. तुला वाईट वाटेल म्हणून..."

ती खुर्चीत बसली. तिची आई गेली तेव्हा तिचा चेहरा असा झाला होता. मला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"कानांचं काय, वय झालं," ती म्हणाली. "पण तुम्ही मला खोटं माप दिलंत हो."

मी रेडिओ बंद केला. ती उठली. "जा. शेवटच्या खुर्चीत तुम्ही बसा. रेडिओ मी लावते."

मी जाऊन बसलो. भिंतीतून आवाज आला. बारीक, पण स्पष्ट. 'काही नाही' एवढं म्हटलं की हॉटेल पास, ती खूश. पण मग बैठकीत तीनशे माणसं हेच ऐकणार होती.

ती दारात आली. "काय?"

"ऐकू येतंय," मी म्हणालो. "कुणी बाई बातम्या देतेय. उद्या ढगाळ हवा आहे म्हणाली."

तिचं हॉटेल, आणि कदाचित तिचं कामही, मी माझ्या तोंडाने बुडवलं होतं. तिच्याकडे बघायचा धीर होईना.

ती हसली. "पूर्ण आवाजावर होता. ही परीक्षा तुमची होती. आता खुणेवर लावते, बसा."

दुसऱ्यांदा मी बिघडलेल्या मशिनजवळ बसायचो तसा बसलो. एसीची घरघर, मॅनेजरचे बूट. भिंतीतून काही नाही.

"काही नाही," मी म्हणालो.

"बरं." तिने परत विचारलं नाही.

तपासणीच्या कागदावर सव्वीस वर्षं तिची एकटीची सही असायची. तिने ती केली, खाली लिहिलं, 'आवाज तपासणारा: नवरा', आणि पेन माझ्या हातात दिलं.

"त्या दोन हॉटेलांना उद्या फोन करते," ती म्हणाली. "चूक झाली म्हणून सांगते."

"चूक माझी होती."

"सही माझी होती."

बैठकीत तिन्ही दिवस पलीकडे टायर कंपनीचे दोनशे लोक होते. शेवटच्या दिवशी साहेबांनी हिला विचारलं, शेजारचं सभागृह रिकामंच ठेवलंय का. हे सांगताना तिचा चेहरा बघण्यासारखा होता.

आता तिच्या कानात यंत्र आहे. तरी शेवटच्या रांगेत आम्ही दोघं शेजारी बसतो, आणि रेडिओ मॅनेजर लावतो. त्याआधी बटण खुणेवर आहे ना, हे ती स्वतः बघून येते. मी उठलो तर म्हणते, "तुम्ही बसा." मी बसतो. एवढी शिक्षा माझ्या हक्काची आहे.