वाटी उचलल्यावर

प्रयोगशाळेतला पंखा बंद होता. वाऱ्याने डिजिटल वजनकाट्यावरचे आकडे हलतात, म्हणून सातवीची मुलं श्वाससुद्धा जपून घेत होती. माझं निम्मं लक्ष पर्समधल्या फोनकडे होतं. तिकडे आईचं ऑपरेशन चालू होतं आणि दादाचा फोन अजून आला नव्हता.

सईने रिकामी वाटी काट्यावर ठेवली, बटण दाबून आकडा शून्यावर आणला आणि मीठ मोजलं. मग मीठ बरणीत ओतायला तिने वाटी उचलली. आकडा एकदम घसरला. उणे एक्केचाळीस.

"बाई, काट्यावर तर काहीच नाही. मग शून्य हवं ना?"

"शून्य आपण वाटी धरून केलं होतं," मी म्हटलं. घरात आईलाही आम्ही असंच धरून चाललो होतो. ती असणारच होती, म्हणून तिचं असणं कधी कुणी मोजलंच नाही.

सईचं बोट पुन्हा बटणाकडे गेलं. तिला तो उणे आकडा घालवायचा होता.

"बटण नको!" माझा आवाज नको तेवढा चढला. "वाटी ठेव, सई. आधी वाटी परत ठेव."